‘पूर्ण’ चौकट आणि ‘कापलेली’ चौकट : बुलडाणा जिल्ह्यातील स्मारकांच्या छायाचित्रणाच्या निमित्ताने

प्रस्तावना

ग्रामीण महाविद्यालयातील इतिहास विभागाला कॅमेरा खरेदी करण्याची संधी वारंवार मिळत नाही. ती मिळाली की विभागातील प्राध्यापकांसमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो आणि त्याचे उत्तर इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ‘फुल-फ्रेम’ घ्यावा की ‘क्रॉप-सेन्सर’? वरकरणी हा प्रश्न तंत्राचा आणि पैशाचा आहे. खरेदी समितीच्या बैठकीत तो तसाच मांडला जातो आणि ‘पूर्ण’ या शब्दाच्या वजनामुळे निम्मा निर्णय चर्चेपूर्वीच होऊन जातो. संस्थेने घ्यायचेच तर अपुरे का घ्यावे, अशी साधी भावना त्यामागे असते. प्रस्तुत लेखात या शब्दालाच इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. चौकटीचे कोणते माप ‘पूर्ण’ मानायचे हे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ठरविले, आणि बुलडाणा जिल्ह्यातील मंदिरे, वीरगळ व लोणार सरोवर यांची नोंद करणाऱ्या अभ्यासकाला त्याचा नेमका काय उपयोग, एवढाच या लेखाचा विषय होय.

हा प्रश्न लेखकाला का महत्त्वाचा वाटतो, ते आधी सांगणे आवश्यक आहे. घाटावरील एका गावात काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांना मारुतीच्या पारावर तीन टप्प्यांचा एक वीरगळ आढळला. त्याची छायाचित्रे एका विद्यार्थ्याने साध्या मोबाइलवर, भर दुपारी, शिलेवर झाडाची सावली पडलेली असताना घेतली. पुन्हा नीट येऊ, असे ठरले. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा पाराचा जीर्णोद्धार झालेला होता. वीरगळ सिमेंटमध्ये बसविलेला होता आणि त्यावर शेंदरी ऑइलपेंटचे दोन हात दिलेले होते. ग्रामस्थांनी ते भक्तिभावाने केले होते, त्यांना दोष देता येत नाही. परंतु मधल्या टप्प्यातील योद्ध्याच्या हातात नेमके कोणते शस्त्र होते, हे आता केवळ त्या सावलीतल्या छायाचित्रावरून ठरवावे लागते, आणि ते ठरत नाही. कॅमेऱ्याची निवड हा हौसेचा विषय राहत नाही, तो येथे.

काचेच्या प्लेटांचा काळ

छायाचित्राच्या मापाचा वाद छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जगासमोर आली. त्या पद्धतीत वापरला जाणारा साडेसहा गुणिले साडेआठ इंचांचा पत्रा हेच पुढे ‘फुल प्लेट’ म्हणून रूढ झाले. त्याचे भाग पाडून ‘हाफ प्लेट’ आणि ‘क्वार्टर प्लेट’ ही मापे आली. म्हणजे ‘फुल’ आणि ‘हाफ’ ही भाषा संगणकयुगाची देणगी नाही, ती दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. आपल्याकडील जुन्या फोटो स्टुडिओंतही हीच नावे चालत असत.

त्या काळी माप मोठे असण्याला ठोस कारण होते. काचेची प्लेट कागदावर थेट ठेवून छाप घेतला जाई. त्यामुळे जेवढी प्लेट तेवढेच छायाचित्र. मोठे चित्र हवे असेल तर मोठी काच वाहून न्यावी लागे. १८५१ नंतरच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत तर काच जागेवरच ओली करून, ती वाळण्यापूर्वी चित्र घेऊन, तेथेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागत असे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. या मंडळींना छायाचित्रण ही विद्या जितकी वाटत होती तितकेच ते अंगमेहनतीचे कामही होते, हे आज सहज विसरले जाते.

आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, अजिंठ्याला, मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगविण्याचे काम हाती घेतले होते. त्यांतील बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. गिल यांनी नंतरच्या काळात कॅमेराही हाती घेतला होता आणि त्यांच्या छायाचित्रांचे संग्रह जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. वर्षानुवर्षांचे कुंचल्याचे काम एका आगीत गेले, परंतु ज्याच्या अनेक प्रती छापून झाल्या होत्या ते छायाचित्र उरले. स्मारकांच्या नोंदीच्या दृष्टीने याहून बोलका प्रसंग शोधावा लागणार नाही.

वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची पद्धतशीर यादी हेन्री कझिन्स यांनी तयार केली, ती १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९३१ मध्ये त्यांचा दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ आला. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा अभ्यास करू इच्छिणारा कोणताही विद्यार्थी आजही त्या ग्रंथातील चित्रपटांपाशी येऊन थांबतो. त्या काळच्या प्रवासाची कल्पना जिल्ह्याचा नकाशा पाहिला तरी येते. रेल्वे घाटाखाली, मलकापूर-नांदुरा-शेगावच्या बाजूने जाते. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा ही ठिकाणे मात्र घाटावर. मलकापूरहून लोणार शंभर किलोमीटरहून अधिक. काचेच्या प्लेटांची पेटी घेऊन बैलगाडीने घाट चढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने प्लेटेचे माप म्हणजे थेट ओझे होते. जितके माप मोठे तितकी चित्रांची संख्या कमी. हा हिशोब आजच्या फुल-फ्रेमच्या चर्चेतही तसाच्या तसा शिल्लक आहे, फक्त बैलगाडीच्या जागी पाठीवरची पिशवी आली आहे.

छत्तीस गुणिले चोवीस

आज ज्याला आपण ‘पूर्ण चौकट’ म्हणतो तिचे माप ३६ गुणिले २४ मिलिमीटर. हे माप कोठून आले? याचे उत्तर चित्रपटाच्या फितीत आहे, आणि त्याची एक कडी आपल्या दादासाहेब फाळक्यांपाशी येऊन पोहोचते.

फाळके यांनी १९०३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी धरली होती. तो काळ काचेच्या प्लेटेचा. पुढे ती नोकरी सोडून, मुद्रणव्यवसाय करून, १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. ज्या फितीवर तो चित्रित झाला तिची रुंदी ३५ मिलिमीटर. त्या फितीवरील मूकपटाची एक चौकट साधारण २४ गुणिले १८ मिलिमीटरची असे.

नेमक्या त्याच सुमारास जर्मनीतील वेट्झलार येथे लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बर्नाक हा तंत्रज्ञ एक छोटा कॅमेरा तयार करीत होता. प्रकृतीने अशक्त असल्याने जड प्लेट-कॅमेरा वाहणे त्याला झेपत नसे, असे सांगितले जाते. त्याने चित्रपटाचीच फीत घेतली, ती आडवी चालविली आणि दोन चौकटींची जागा एका चित्राला दिली. चोवीस गुणिले अठराची दुप्पट म्हणजे चोवीस गुणिले छत्तीस. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो कॅमेरा ‘लायका’ या नावाने बाजारात आला आणि हळूहळू जगाचे माप ठरून गेले.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. आजच्या ‘पूर्ण’ चौकटीचा जन्म ‘दुहेरी’ चौकट म्हणून झाला. आणि ज्या क्रॉप-सेन्सरला आपण ‘कापलेला’ म्हणतो त्याचे माप साधारण २३.६ गुणिले १५.७ मिलिमीटर. म्हणजे रुंदीने तो फाळक्यांच्या चौकटीच्या जवळजवळ बरोबरीचा. उलट, कझिन्स यांच्या काळची फुल प्लेट समोर ठेवली तर आजची ‘पूर्ण’ चौकट तिच्या क्षेत्रफळात सुमारे एकेचाळीस वेळा मावते. फार लांब कशाला जावे? आपल्या आधीच्या पिढीच्या घरोघरी असलेला, भारतातच तयार होणारा आगफा क्लिक-३ हा कॅमेरा सहा गुणिले सहा सेंटिमीटरच्या चौकटीत बारा फोटो देत असे. त्याची चौकट आजच्या फुल-फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठी होती. परंतु भिंग साधे असल्यामुळे त्या मोठ्या चौकटीत बारकावा उतरत नसे. घरच्या अल्बममधील लग्नाचे फोटो भिंगाखाली धरून पाहिले तर याची खात्री पटते. चौकट मोठी असणे आणि चित्र चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या आई-वडिलांच्या लग्नातच सिद्ध झालेले आहे.

मग ‘पूर्ण’ हा शब्द आला कोठून? तो मुख्यतः अंकीय कॅमेऱ्यांच्या काळात रूढ झाला. सिलिकॉनच्या गोल चकतीवर सेन्सर तयार होतात. सेन्सर जितका मोठा तितके एका चकतीतून कमी निघतात आणि त्यात दोष राहण्याची शक्यता वाढते. शिवाय चकतीवर आकृती उमटविणाऱ्या यंत्राच्या एका चौकटीत ३६ गुणिले २४ चे माप बसत नाही, ते जोडून घ्यावे लागते. खर्च वाढण्याचे कारण हे. म्हणून १९९९ मधील निकॉन डी-१ सारखे पहिले लोकप्रिय अंकीय कॅमेरे लहान सेन्सरचे होते. या लहान मापाला नावही उसने मिळाले. १९९६ मध्ये आलेल्या ‘एपीएस’ या फिल्मपद्धतीतील एका चौकटीशी ते जुळते होते म्हणून ‘एपीएस-सी’. ती फिल्म आज इतिहासजमा झाली, नाव मात्र राहिले. कॅननचा ३६ गुणिले २४ चा ‘वन-डीएस’ २००२ मध्ये आला, तुलनेने आवाक्यातला ‘फाइव्ह-डी’ २००५ मध्ये आणि निकॉनचा ‘डी-३’ २००७ मध्ये. छायाचित्रकारांकडे जुन्या फिल्मची भिंगे होती. ती नव्या कॅमेऱ्यावर लावली की दृश्याच्या कडा कापल्या जात. त्या कापल्या जाण्यावरून ‘क्रॉप’ आणि त्या न कापणारा तो ‘फुल’. हा शब्द भिंगांच्या साठ्याच्या संदर्भातला आहे. ज्या विभागाकडे एकही जुने भिंग नाही त्याच्यासाठी त्या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

लोणारच्या काठावर

तरीही माप पूर्णतः निरर्थक आहे असे म्हणता येणार नाही. त्याची परीक्षा लोणारला चांगली होते.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. आतील पाण्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर. काठावर उभे राहिले तर विवराचा मध्य सुमारे ९०० मीटरवर येतो आणि पाण्याचा संपूर्ण विस्तार डोळ्यांसमोर सुमारे ८० ते ८५ अंशांचा कोन व्यापतो. (हे सपाट जमीन धरून केलेले ढोबळ गणित आहे.) फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २० मिलिमीटरचे भिंग लावले तर आडवा कोन ८४ अंशांचा मिळतो, म्हणजे सरोवर जेमतेम मावते. तेच भिंग क्रॉप-सेन्सरवर लावले तर कोन ६१ अंशांवर येतो. त्या कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या नेहमीच्या १८-५५ भिंगाने फार तर ६६ अंश मिळतात, आणि सरोवराचा एक काठ चित्राबाहेर जातो. क्रॉपवर संपूर्ण सरोवर हवे असेल तर १३ मिलिमीटरच्या आसपासचे वेगळे भिंग घ्यावे लागते. ते मिळते आणि पूर्ण फुल-फ्रेम संचाच्या मानाने बरेच स्वस्तही पडते.

परंतु लोणारच्या बाबतीत खरा प्रश्न सौंदर्याचा नसून पुराव्याचा आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी घटून क्षारता वाढल्यावर वाढणाऱ्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते घडल्याचे संशोधकांनी सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पाण्याची पातळी केव्हा कुठवर होती, कमळजा देवीच्या मंदिरापासून काठ किती दूर होता, याची तुलना करायची तर वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवावी लागतात. आता समजा, एका वर्षीचे चित्र फुल-फ्रेमवर ३० मिलिमीटर भिंगाने घेतले आणि पुढच्या वर्षीचे क्रॉपवर त्याच ३० मिलिमीटर भिंगाने. दुसऱ्या चित्रात सरोवर दीडपट मोठे दिसेल. संगणकात साठलेल्या नोंदीत दोन्हीकडे ‘३० मिलिमीटर’ एवढेच पाहणारा भावी अभ्यासक पाणी वाढले असा निष्कर्ष काढू शकेल. साधनचिकित्सा हा शब्द आपण मोडी कागदपत्रांसंदर्भात वर्गात शिकवितो. स्वतः घेतलेल्या छायाचित्राला ती आपण लावतो का, हा प्रश्न आहे. या दृष्टीने कोणता सेन्सर निवडला यापेक्षा कोणता वापरला हे लिहून ठेवले की नाही, याला अधिक महत्त्व येते.

सभामंडपातील अंधार

काठावरून उतरून गावात दैत्यसूदन मंदिरात आले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. विष्णूला अर्पित असलेल्या या मंदिराच्या सभामंडपाच्या छतावर कंसवध, हिरण्यकशिपूचा वध यांसारखी शिल्पे आहेत. बाहेर वैशाखाचे ऊन आणि आत डोळे सरावेपर्यंत काहीच दिसू नये असा अंधार. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या काळात एका मित्राचा क्रॉप-सेन्सर कॅमेरा आणि सोबतचे साधे भिंग घेऊन ही छते टिपली होती. फरशीवर आडवे पडून, श्वास रोखून. परतल्यावर संगणकावर पाहिले तर निम्म्याहून अधिक चित्रे हललेली आणि उरलेल्यांत आकृत्यांच्या चेहऱ्यांवर वाळू पसरल्यासारखा दाणेदारपणा. दोष कॅमेऱ्याचा कमी आणि हाताचा अधिक होता, हे समजायला पुढे बरीच वर्षे लागली.

हिशोब असा आहे. फुल-फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, क्रॉपचे सुमारे ३७०. एकाच पिढीतील कॅमेरे आणि एकच छिद्र ठेवले तर मोठा सेन्सर सुमारे २.३ पट प्रकाश गोळा करतो. क्रॉपवर आयएसओ १६०० ला जेवढा दाणेदारपणा दिसतो तेवढा फुल-फ्रेमवर साधारण ३६०० ला दिसेल. छत सपाट असते, ते कॅमेऱ्याला समांतर धरता येते, त्यामुळे भिंगाचे छिद्र मोठे ठेवूनही चालते. येथे फुल-फ्रेमचा लाभ खरा आहे.

पण तेथून वळून गर्भगृहाच्या द्वारशाखेकडे किंवा खांबांच्या रांगेकडे पाहा. तेथे पुढचा खांब आणि मागची शाखा दोन्ही स्पष्ट हवे असतात. त्यासाठी छिद्र लहान करावे लागते. क्रॉपवर २० मिलिमीटर भिंगाने एफ-८ ला जेवढी खोली स्पष्ट मिळते तेवढीच मिळविण्यासाठी फुल-फ्रेमवर ३० मिलिमीटरला एफ-१२ करावे लागते. मोठ्या सेन्सरने मिळविलेला जादा प्रकाश लहान छिद्राने परत जातो आणि दोन्ही कॅमेरे पुन्हा एका रेषेत येतात. व्यक्तिचित्र काढणाऱ्याला पार्श्वभूमी धूसर हवी असते म्हणून तो फुल-फ्रेमची स्तुती करतो. इतिहासाच्या अभ्यासकाला काहीच धूसर नको असते. जाहिराती मात्र पहिल्यासाठी लिहिलेल्या असतात.

आणि ट्रायपॉड लावला तर? मंदिर हलत नाही. आयएसओ १०० वर चार-पाच सेकंदांचे चित्र घेता येते आणि हाती धरल्यामुळे जाणवणारे बहुतेक अंतर मिटते. अडचण अशी की पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अर्ज वेळेत केला तर स्वस्त कॅमेऱ्याने उत्तम काम होते आणि न केल्यास महाग कॅमेरा घ्यावा लागतो, असे थोड्या अतिशयोक्तीने म्हणता येईल. सातगाव, साकेगाव, कोथळी येथील मंदिरांसाठी परवानगीचा अर्ज हाच आमच्या विभागाचा सर्वांत मोठा तांत्रिक सुधार ठरला आहे.

उंचावरील शिल्पांची गोष्ट नेमकी उलटी. सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवांच्या समाधीच्या वरच्या भागातील काम किंवा एखाद्या शिखरावरील थर जमिनीवरून टिपायचा तर दूरचे भिंग लागते. क्रॉपवरील २०० मिलिमीटरचे भिंग फुल-फ्रेमवरील ३०० मिलिमीटरइतके जवळ आणते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम चित्रातून तेवढाच भाग कापून घेतला तर हाती साडेदहा मेगापिक्सेलही उरत नाहीत. ज्ञानगंगा अभयारण्यात पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे आमचे प्राणिशास्त्राचे सहकारी क्रॉप-सेन्सर सोडायला तयार नाहीत, त्याचे कारण हेच. मोडी कागदपत्रांच्या प्रती काढण्याच्या कामी मात्र हा वाद जवळजवळ अप्रस्तुत आहे. कागद सपाट, दिवे आपल्या हातात, कॅमेरा स्टँडला बांधलेला. कोणताही चालतो.

विभागाचा निर्णय

खरेदी समितीच्या बैठकीत रक्कम ठरलेली होती. त्या रकमेत एक फुल-फ्रेम कॅमेरा आणि त्याचे एकच भिंग बसत होते. किंवा एक क्रॉप-सेन्सर कॅमेरा, त्यासाठी एक रुंद कोनाचे आणि एक दूरचे भिंग, वजनदार ट्रायपॉड, रंगपट्टी, सेंटिमीटरच्या खुणांच्या दोन मोजपट्ट्या आणि छायाचित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्यासाठी दोन हार्ड डिस्क. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, वाणिज्य शाखेचे असूनही, सर्वांत नेमका प्रश्न विचारला : “सर, बिघडला तर मुलं तोवर काय करणार?” फुल-फ्रेमच्या बाजूनेही मुद्दे होते आणि छताच्या चित्रांबाबत ते आजही खोडता येत नाहीत. लेखकाने दुसऱ्या संचाच्या बाजूने मत दिले आणि तो घेण्यात आला. दैत्यसूदनच्या छतासाठी परवानगी न मिळाल्यास दोन दिवस फुल-फ्रेम कॅमेरा भाड्याने आणावा, अशी टीप इतिवृत्तात नोंदविली आहे.

सध्या विभागात एक जाड नोंदवही आहे. प्रत्येक छायाचित्रासमोर गाव, तारीख, वेळ, कॅमेऱ्याची दिशा, भिंगाचे नाभीय अंतर आणि सेन्सरचे माप असे रकाने आखलेले आहेत. लोणारला काठावरील एका ठरावीक दगडापाशी ट्रायपॉडचे पाय कोठे ठेवायचे, हे विद्यार्थ्यांनी खुणा करून ठरविले आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, त्याच जागेवरून, त्याच कोनातून चित्र घेतले जाते. शेंदूर लागलेल्या वीरगळाचे ते सावलीतले मोबाइल छायाचित्रही वहीच्या पहिल्या पानावर चिकटविले आहे. त्याच्यापुढील भिंगाचा आणि मापाचा रकाना रिकामा आहे, कारण फोन ज्याचा होता तो विद्यार्थी आता पुण्याला नोकरीस आहे आणि तो फोन त्याने केव्हाच विकून टाकला.